केशरी गालाचं चित्र

"माझ्या दुकानाची पायरी आता कुणी चढत नाही, ताई," फ्रेमवाले काका म्हणाले. "तीस वर्षं चौकटी बसवल्या. आता चोर झालो."

ताई पूर्वी विम्याचे दावे तपासायच्या, आता खासगी तपास करायच्या. सोबत धाकटा भाऊ असे. त्याला सगळं जरा उशिराच कळे.

प्रकरण असं. मालकीणबाईंकडे त्यांच्या पणजीचं शंभर वर्षांपूर्वीचं चित्र होतं. कोळशाच्या चार फटकाऱ्यांत चेहरा आणि गालावर पेस्टल खडूचा बेधडक केशरी रंग. काच तडकली, ती काकांनी बदलून दिली. दोन महिन्यांनी बाईंनी चित्र संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. त्याच आठवड्यात, त्यावर टिपणं काढायला येणाऱ्या प्राध्यापकांनी ते नकली असल्याचं जाहीर केलं. बाईंनी काकांना गल्लीभर चोर ठरवलं.

"चौकटी ठोकणाऱ्यांच्या हाती अशी वस्तू देतात का कुणी?" प्राध्यापक बाईंच्या दिवाणखान्यात म्हणाले. काका समोरच उभे होते.

"काकांनंतर चौकट कुणी उघडली?" ताईंनी विचारलं.

"कुणीच नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"मला उघडावी लागत नाही," प्राध्यापक म्हणाले. "अस्सल चित्राचा रंग कागदावर नुसता टेकलेला असतो, बोट लावलं की सुटतो. याच्यावर फवारा मारून तो पक्का केलाय. घासा हवं तर, कणही लागणार नाही. पण हे तुमच्या डोक्यावरून जाणार."

धाकट्याने आदराने मान डोलावली.

"काच कुठली बसवलीत, काका?" ताईंनी विचारलं.

"प्लास्टिकची. ते भुकटी ओढून घेतं, पेस्टलला चालत नाही, असं सांगितलं होतं मी."

"मीच हट्ट केला," बाई म्हणाल्या. "फुटायची कटकट नको म्हणून."

"आणि प्राध्यापक इथे एकटे बसायचे?"

"दोन-दोन तास. चहाला हाक मारलेलीही त्यांना खपायची नाही."

ताईंनी काकांकडून चौकट उघडवली. चित्रावर बोट फिरवलं. स्वच्छ. प्लास्टिकच्या आतल्या बाजूवर फिरवलं. बोट केशरी झालं.

"हा रंग सुटत नाही, मग ही भुकटी कुठली?" त्या म्हणाल्या. "अस्सल चित्राची. म्हणजे काकांनी अस्सलच परत आणलं आणि ते या प्लास्टिकमागे काही आठवडे होतं. ते बदललं या घरात."

"पण कुणी, ताई?" धाकट्याने विचारलं.

"रंग पक्का केलाय हे बाहेरून दिसत नाही, रे. बोट लावावं लागतं. किंवा फवारा आपणच मारलेला असावा लागतो. संग्रहालयात तपासणी झाली असती, म्हणून यांना त्याआधी एक चोर हवा होता. प्राध्यापक, प्लास्टिक आतून पुसलं असतंत तर सुटला असतात. पण पुसापुशी तुमच्या लायकीची नसावी."

प्राध्यापकांचा चेहरा पडला, जीभ मात्र नाही. "यांना त्या रेषेचं मोल तरी कळलं असतं?"

"काकांनी घेतलं तसं परत दिलं. मोल कळलं तुम्हाला, आणि तुम्ही चोरलंत."

अस्सल चित्र प्राध्यापकांच्या कपाटात सापडलं. मालकीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, आता तुम्हीच बसवून द्या. तुम्ही म्हणाल ती काच."

काकांनी चित्राला हात लावला नाही. "आधी माझ्या गल्लीत चला. ज्या ज्या दुकानात मला चोर म्हणालात, तिथे तिथे. आणि जरा मोठ्याने बोला."

मालकीणबाईंनी चपला पायात सरकवल्या.