पेत्र कोण होणार?

"मांजरा, त्यांना सांग, चहा झालाय!" धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली; आणि खिडकीशी बसलेल्या ताईने मांजराकडेच बघत उत्तर दिले, "मांजरा, त्यांना सांग, मला नकोय!"

अकरा महिने... चर्चच्या एकाच रविवार-शाळेत शिकवणाऱ्या दोन सख्ख्या बहिणी एकाच छपराखाली मांजराच्या मध्यस्थीने बोलत होत्या! दोन्हीकडची बोलणी खाऊन खाऊन ते मांजर चांगले गुबगुबीत झाले होते.

ताईच्या अंतःकरणातले शल्य मात्र हसण्यासारखे नव्हते. आई गेल्यावर शिलाई मशीनवर वर्षानुवर्षे पाय मारून तिने धाकटीला गाणे शिकवले होते, स्वतःच्या लग्नाचा विषयही कुणाला काढू दिला नव्हता. आणि त्याच धाकटीने भरल्या सभेत उठून म्हणावे, "ताईचा आवाज फाटलाय, यापुढे प्रवचनाला मी गाणार"? वीस वर्षे ताईने गाऊन उपदेश केला होता. तिने पहिला सूर लावला की मागच्या बाकावर पेंगणारे म्हातारेसुद्धा ताठ बसत!

पण घरात एक नियम होता. निवृत्त मास्तर असलेल्या बाबांनी तो घालून दिला होता: रविवारी जे शिकवायचे, ते शनिवारी घरात करून बघायचे. नोहाचे तारू झाले, दाविदाची गोफण झाली (शेजाऱ्यांची एक काच गेली, ते असो!), अकरा महिने निभावले. आज मात्र धडा होता, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, पेत्र नावाचा शिष्य 'नको' म्हणाला तरी धुतले...

'तिने माझा अपमान केला असेल. तरी मी तिचे पाय धुणार!' असे म्हणून डोळे पुसत, पाण्याने भरलेले तसराळे घेऊन ताई दारातून वळते तो समोरून धाकटी, तिच्याही हातात तसराळे! धडक झाली, दोघी भिजल्या, मांजर भिजले.

"खाली बस! पाय मी धुणार!" ताई कडाडली.

"मी धाकटी आहे, मीच धुणार!"

"मला नम्रता शिकवू नकोस!"

"मग मुकाट्यानं खुर्चीत बस ना!"

बाबा पोट धरून हसू लागले. "अगं, नम्रतेवरून मारामारी! धुणाऱ्या दोघी झाल्या, पण पेत्र कोण होणार? ताई, जन्मभर तू देतच आलीस. घेणं त्याहून अवघड असतं, पोरी... एकदा घेऊन बघ."

बोल वर्मी लागला. 'माझे पाय धुऊ नका' म्हणणारा पेत्र ताईने किती मुलांना शिकवला होता! त्याच्या जागी ती आज पहिल्यांदाच बसली.

तिच्या तळव्यांवरचे, मशीनने पाडलेले घट्टे चोळता चोळता धाकटीला हुंदका आवरेना. "ताई, तुझा घसा तपासून डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणखी वर्षभर गायली तर बोलायचाही आवाज जाईल. तुला सांगितलं असतं, तर थांबली असतीस?"

"...नसते. हट्टानं गायले असते."

"म्हणून तुझी जागा हिसकावली गं! म्हटलं, मला हवं ते बोल, पण तेवढ्यापुरता तरी आवाज राहू दे!"

ताई रडता रडता हसली. "वेडे! आणि मी तो सगळा त्या मांजरावर खर्च केला!"

पाय पुसायला हात पुढे गेला, आणि थबकला. टॉवेल दोघींनीही आणला नव्हता!

"प्रभूनं आधी कमरेला रुमाल बांधला होता, मास्तरणींनो!" बाबा गरजले.

धाकटीने आपल्या ओढणीनेच पाय पुसले. ताई उठली, म्हणाली, "आता तू बस."

दुसऱ्या दिवशी गोष्ट ताईने सांगितली, बसक्या, हळुवार आवाजात. पेत्रापाशी येऊन ती थांबली. "मुलांनो, त्याला काय वाटलं असेल, ते मला कालच कळलं..."

आणि धाकटीने सूर लावला. शेजारी बसलेल्या ताईचे ओठ आवाज न करता त्याच शब्दांवर हलत होते... मागच्या बाकावरचे म्हातारे ताठ बसले!