सगडनच्या घरून आलेला फोन

हे घडलंय. माझ्या पोटच्या पोरीसोबत. पटत नसेल त्याने वाचू नये, मी कुणाच्या पाया पडायला बसलेली नाही.

यॉर्कशर. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, गुरुवार. दुपारचे पावणेचार. आमच्याकडे त्या दिवसांत तेव्हाच अंधारतं.

आमची संस्था एकट्या म्हाताऱ्यांना गरम जेवण पोचवते. बायका एकेकट्या जातात, टेकडीवर मोबाइल लागत नाही, म्हणून नियम माझा. घरात शिरलात की तिथल्या फोनवरून सांगायचं, ‘पोचले.’ बाहेर पडताना, ‘निघाले.’ वीस मिनिटांत ‘निघाले’ आलं नाही, तर मी माणसं धाडते. चौदाव्या वर्षी गिरणीत लागलेली बाई मी, पण शिकलेल्यांनी या नियमाला नावं ठेवून दाखवावीत.

माझी लेक हेझल सगडन म्हाताऱ्याकडे गेली होती.

“पोचले गं आई. म्हातारा दिसत नाही, बघते.”

“चहा ढोसत बसू नकोस.”

“तुझ्याच वळणावर गेलेय.”

दहा मिनिटांनी फोन...

“निघाले.”

तिचाच आवाज. मी तिच्या नावापुढे खूण केली आणि माझा चहा ओतला.

सव्वाचारला पुढच्या घरची पिकल्स आडनावाची म्हातारी फोनवर करवादली, “डोरीन, माझं जेवण कुठंय? पोरगी वाटेत झोपली का तुझी?”

सगडनचं घर ते तिचं घर, पाच मिनिटं.

मी सगडनकडे फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला...

“निघाले.”

“हेझल? अगं, तू अजून तिथंच?”

श्वास नाही. खुर्चीची करकर नाही. काहीच नाही...

“निघाले.”

अशा वेळी एकटीने जायचं नाही, हाही माझाच नियम. तो तिथेच टाकून मी गाडी काढली.

तिची गाडी अंगणात. गार पडलेली. घराचं दार सताड उघडं. आत दिवा नाही.

हाका मारून माझा घसा फाटला.

तळघराच्या पायऱ्यांखाली सापडली. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ निळे.

जिवंत.

म्हाताऱ्याला शोधायला उतरली आणि पाय निसटला. त्याला तर सकाळीच इस्पितळात हलवलं होतं. आम्हाला कुणी कळवलं नाही.

पोलिसांनी कोपरान्‌कोपरा पाहिला. घरात दुसरं कुणी नव्हतं.

हेझल वाचली, काठीने चालते. पण शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली...

“मी खाली पडलेले, आणि वर कुणीतरी फोन फिरवला. मग माझाच आवाज बोलला. मी ओरडत होते, आई, ती मी नाही. आई, फोन ठेवू नकोस.”

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी फोन ठेवला होता.

“तुला कळलं कसं नाही?” तिने एकदाच विचारलं.

आता बायका जोडीनेच जातात. हेझल माझ्याकडे राहते. शेजारच्या खोलीतून हाक मारते, “आई...”

मी आधी उठून तिला बघते. मगच ओ देते.