समोरच्या खोलीचे पडदे

हार्लिंगेनच्या बंदरामागची ती गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोर आलेल्या दोन सायकलींपैकी एकीला थांबावंच लागे. घरांच्या खिडक्या मात्र ऐसपैस, गुडघ्यापासून पार छतापर्यंत, आणि थेट फुटपाथला लागून. संध्याकाळी दिवे लागले की कोण काय जेवतंय, कोण कोणावर रुसलंय, हे येणाऱ्याजाणाऱ्याला आयतं दिसे आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. पडदे असत, पण शोभेपुरते. ते ओढून घेणाऱ्याच्या घरात काहीतरी काळंबेरं आहे असं गल्ली धरून चाले. घरात कोणी वारलं तरच पडदे बंद व्हायचे, आणि मग आजूबाजूचेही न सांगता आपापले ओढून घ्यायचे. ही जुनी रीत बाकीच्या गावाने कधीच सोडली होती, या गल्लीने नाही.

आफ्केच्या खिडकीचे पडदे तिने स्वतः शिवलेले, शिडाच्या उरलेल्या कापडाचे. बंदरातल्या जुन्या जहाजांची शिडं शिवण्यात तिची सगळी हयात गेली होती. एकदा जाड सुई तिच्या डाव्या तळहातातून आरपार गेली होती, त्याची वेडीवाकडी खूण ती लोकांना मोठ्या ऐटीत दाखवायची. पानगळीच्या सुमारास तिला अर्धांगाचा झटका आला आणि तोच हात मांडीवर पडून राहिला. पाय सुधारला, जीभ सुधारली, ती तर नवऱ्याच्या मते नको तितकी सुधारली, पण हात ढिम्म हलेना. वसंतात जहाजं बाहेर पडतात. त्याआधी आपल्या शिवणाच्या टेबलापाशी परत जाऊन बसायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

नवरा डाउवे बेटांकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर नोकरी करून निवृत्त झालेला. तिची बटणं लावायचा, पाव कापून द्यायचा, रोज सकाळी तिचा पांढरा अंबाडाही बांधायचा. तो अंबाडा इतका तिरका व्हायचा की आफ्के आरशासमोर उभं राहायचं टाळायची, पण एका शब्दाने त्याला बोलली नाही. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तिला मनापासून वाटायचं.

व्यायामासाठी दवाखान्याने एक खेळ घरी पाठवला. फिजिओ मार्लूस, ताडमाड उंच, हसरी पोरगी, स्वतः येऊन तो लावून गेली. टीव्ही खिडकीसमोरच्या भिंतीवर होता. त्याच्याखाली तिने छोटा कॅमेरा बसवला, आफ्केचे चहूबाजूंनी फोटो काढले आणि बटण दाबलं. टीव्हीवर सफरचंदाचं झाड आलं आणि झाडाखाली निळ्या स्वेटरातली, पांढऱ्या अंबाड्याची एक बाई.

"ही तुम्हीच," मार्लूस म्हणाली. "तुम्ही कराल तेच ही करणार. हात वर करायचा, सफरचंद तोडायचं, टोपलीत टाकायचं. गुण आपोआप माझ्याकडे येतात, तेव्हा लबाडी चालायची नाही हं!"

"लबाडी करायला आधी हात चालायला हवा, बाळ."

आफ्केने उजवा पंजा उघडून पुढे धरला, बाईनेही धरला. सगळं हुबेहूब होतं, तळहात मात्र कोरे. खूण सोडा, साधी रेषसुद्धा नव्हती.

"माझं नशीबच पुसून टाकलंस की गं," आफ्के म्हणाली, आणि तिघंही हसली.

पहिले काही दिवस ठरल्यासारखे गेले. उजव्या हाताने टोपली भरायची. डाव्याची पाळी आली की ती दात-ओठ खाऊन जोर लावायची, खांद्यात कळ उठायची, हात जागचा हलायचा नाही, आणि टीव्हीतलं सफरचंद धप्पकन गवतावर पडायचं. झाडाखालच्या बाईचाही डावा हात तसाच लोंबत असायचा. आफ्केला तिची कीव यायची.

मग एका सकाळी समोरची हेन्नी मनुकांचा पाव घेऊन आली. हेन्नी म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र.

"काय गं, छुपी रुस्तम! काल कुत्र्याला फिरवून येत होते, तर खिडकीत तू. दोन्ही हात डोक्याच्या वर! मी टाळ्या वाजवल्या, ऐकू नाही आल्या?"

"मी नव्हे. तू टीव्हीतली बाई पाहिलीस."

"मला अजून चष्मा लागत नाही, आफ्के. तू पाठमोरी उभी होतीस, आणि टीव्ही तुझ्या पलीकडे होता."

आफ्केने हसण्यावारी नेलं. पण त्या दुपारी खेळताना तिने उजवा हात उचलला आणि झाडाखालच्या बाईने दोन्ही उचलले. डाव्या बाजूचं सफरचंद अलगद टोपलीत पडलं. आफ्केने खाली पाहिलं. तिचा हात मांडीला चिकटून होता.

तिने मार्लूसला फोन केला.

"कॅमेऱ्याला कधीकधी अंदाज करावा लागतो," मार्लूस म्हणाली. "पण तुमचे गुण झकास आहेत हो! तुम्ही उगाच स्वतःला कमी लेखताय."

आफ्के भुताखेतांना घाबरणारी बाई नव्हती. शीड कुठे फाटलंय ते बोटांनी चाचपून शोधायचं, अंदाजावर जायचं नाही, ही तिची आयुष्यभराची सवय. दुसऱ्या दिवशी तिने खेळ लावला आणि खुर्चीत नुसती बसून राहिली. बाईने सफरचंदं तोडायला सुरुवात केली. एक डाव्या हाताने, एक उजव्या हाताने, शांतपणे, न थकता. तोडताना ती झाडाकडे बघतही नव्हती. ती आफ्केच्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीबाहेर बघत होती. मध्येच तिने ओळखीचं माणूस दिसावं तशी मान हलवली.

आफ्के वळली. फुटपाथवर सायकल धरून डाउवे उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की आजारपणानंतर तिने तो पाहिलाच नव्हता.

तो आत आला तेव्हा ती खुर्चीतच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मांडीवरच्या हाताकडे पाहिलं, आणि आनंद मावळला.

"कशासाठी, आफ्के?"

"काय कशासाठी?"

"मी बाहेरून बघत होतो. दोन्ही हात वर होते तुझे. मी आत येतो आणि तू पुन्हा हात टाकून बसतेस."

"डाउवे, मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही! शप्पथ!"

"हेन्नीने पाहिलं. पोस्टमनने पाहिलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "इतके महिने मी तुझ्या बुटांच्या नाड्या बांधतोय. मजा वाटली का तुला?"

तिला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. जन्मभर खिडकीतून दिसतं ते खरं धरणारी माणसं ती. तीही त्यांच्यातलीच होती.

त्या दिवसापासून डाउवे बदलला. भांडला नाही, घर सोडून गेला नाही. फक्त नाड्या बांधायचा थांबला, आणि अंबाडाही. कॉफीचा कप तो मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला ठेवायचा आणि वाट बघायचा. एकदा तिने चिडून डावा हात उजव्याने उचलून कपावर नेला. कप लवंडला. त्याने निमूटपणे टेबल पुसलं आणि पुढचा कप पुन्हा डावीकडेच ठेवला. संध्याकाळी तो काही ना काही काढून बाहेर जायचा. आफ्केला तो फुटपाथवर उभा दिसायचा, खिडकीत बघत, हसत. ती हात हलवायची. त्याची नजर तिच्यावर नसायची.

तिने कॅमेऱ्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं. टीव्हीचं बटण बंद केलं. हेन्नीचं कौतुक काही थांबलं नाही. "काल टेबलावर चादर काय झटक्यात अंथरलीस! पूर्वीची आफ्के परत आली गं बाई."

आठवड्याच्या शेवटी मार्लूसचा फोन आला. अभिनंदनाचा. हात पूर्ण बरा झालाय, आता दवाखान्यात यायची गरज नाही, खेळाची पेटी न्यायला माणूस येईल.

"माझा हात हलत नाही, मार्लूस. ये आणि बघ. चिमटा काढून बघ!"

"तुमच्या मिस्टरांशी बोलणं झालं माझं," मार्लूस सांभाळून म्हणाली. "ते म्हणाले, तुम्ही असं म्हणाल."

आफ्केने फोन ठेवला. शिवणाचं टेबल गेलंच, हे तिला कळलं, पण त्याचं दुःख मागाहून आलं. आधी आला तो संताप. डाउवेने तिला न विचारता, तिच्या पाठीमागे, केसाने गळा कापला होता. झटक्याने तिचा एक हात नेला होता. माणूस तिने गमावला तो आत्ता.

पेटी न्यायला माणूस यायचा होता त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने शेवटची परीक्षा घ्यायची ठरवली. सगळे बाहेरून बघतात ना, मग आपणही बाहेरूनच बघू. खोली रिकामी दिसली तर डाउवेला बखोट धरून आणू आणि दाखवू. आणि रिकामी नसली तर? त्यापुढे तिने विचार केला नाही.

डाउवे स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप ढवळत होता. तिने फडकं काढलं, खेळ लावला, कोटाची एक बाही चढवली, दुसरी तशीच लोंबती ठेवली आणि काठी टेकत बाहेर पडली. दार मागे आपसूक बंद झालं.

बाहेर अंधारून आलं होतं. समुद्राच्या बांधावरून खारा, बोचरा वारा येत होता. ती भिंतीला धरून खिडकीसमोर गेली.

खोली रिकामी नव्हती.

तिच्याकडे पाठ करून एक बाई उभी होती. निळा स्वेटर. पांढरा अंबाडा, नीट, सरळ बांधलेला. टीव्हीवर झाड होतं, पण झाडाखाली कोणी नव्हतं.

डाउवे सूप घेऊन आला. बाईने वाडगा त्याच्या हातून घेतला. डाव्या हाताने. तो काहीतरी बोलला, तिची मान हसताना हलली, आणि तोही हसला, लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायचा तसा, तोंड उघडून.

आफ्केने काचेवर काठी आपटली.

डाउवेने वर पाहिलं.

त्याने तिला ओळखलं. याबद्दल तिच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि नंतरही राहिली नाही. त्याने तिचा विस्कटलेला अंबाडा पाहिला, लोंबती बाही पाहिली. मग समोरच्या बाईकडे पाहिलं. मग पुन्हा आफ्केकडे. तो घाबरला नव्हता. तो ठरवत होता.

"डाउवे," ती म्हणाली. "अरे, मी आहे."

तो खिडकीपाशी आला. त्याचे डोळे भरलेले होते. त्याने आपल्या बाजूचा पडदा धरला आणि ओढला. इतकी वर्षं न हललेल्या कड्या करकरल्या.

दुसरी बाजू त्या बाईने ओढली, डाव्या हाताने. पडदे मिटता मिटता तो पंजा क्षणभर काचेवर टेकला. तळहातात मधोमध सुईची खूण होती, वेडीवाकडी.

शिडाचं कापड जाड असतं. उजेडाची रेघसुद्धा बाहेर आली नाही.

आफ्के दिव्याच्या खांबाखाली गेली. तिने काठी भिंतीला टेकवली, उजव्या हाताने डावा उचलला आणि बोटं एकेक करून उघडली. तळहात गुळगुळीत होता.

समोरचं दार उघडलं. हेन्नी कुत्र्याला घेऊन उंबऱ्यात आली आणि डाउवेच्या खिडकीकडे बघून थबकली.

"हेन्नी!" आफ्केने हाक मारली.

कुत्र्याने कान टवकारले. हेन्नीने त्याला हलकेच आत ओढलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने ती आपल्या खिडकीत आली, मान खाली घालून क्षणभर उभी राहिली, आणि तिने पडदे ओढून घेतले.

मग तिच्या शेजारच्यांनी. मग त्यांच्या पलीकडच्यांनी.