मोरीवरचा दाजी

बिनचालकाच्या गाडीनं माणसांशी बोललंच पाहिजे, हा हट्ट इराचा. यंत्र काय करतंय ते कळलं की निम्मी भीती पळते, असं ती कंपनीच्या पनवेलच्या ऑफिसात ठासून सांगे, आणि ते खरंही होतं. म्हणून ती छोटी पांढरी गाडी सगळं सांगून करायची. समोर बाई आहे, थांबतेय. वळतेय, सांभाळा. पट्टे लावा, मगच निघू. आवाज इराचाच. नियम एकच, गाडी जे पाहील तेच बोलेल. थापा नाहीत.

आज ओवे गाव गाडीत बसलं नाही, तर कंपनी इथून गाशा गुंडाळणार होती. आणि बचत गटाच्या किशोरीताई बसल्याशिवाय गाव बसणार नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं,

"मोरीवर दाजी उभा असतो. सगले रिक्षावाले थांबतात. तुमची गारी थांबल काय?"

दाजी भाजीची पाटी घेऊन रोज पनवेलच्या बाजाराला जायचा. तो वारला त्याला वर्षं लोटली, तरी ओव्याची रिक्षा ओढ्यावरच्या त्या मोरीवर क्षणभर थांबते, आतले सरकून जागा करतात. इराला ही रीत फार आवडली. पण माणसांना गोड बोलून फसवायचं नाही, हा तिचा बाणा. तिथं कोणी नसेल तर गाडी थांबणार नाही, असं तिनं स्वच्छ सांगून टाकलं.

"असल ना," म्हणत किशोरीताई चढल्या. मागोमाग बायका चढल्या.

मोरी आली. लख्ख ऊन, रस्ता रिकामा. गाडी हळू झाली.

"एक आजोबा हात दाखवताहेत. थांबतेय."

हे वाक्य इरानं कधी रेकॉर्ड केलेलं नव्हतं.

दार उघडलं, मिटलं. बायका सवयीनं सरकल्या. ओल्या मुळ्याचा वास आला. किशोरीताईंनी कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेचा पट्टा लावला, तेव्हा कुठे गाडी हलली.

सेन्सर बिघडला असणार, इरानं ठरवून टाकलं. बायका मात्र घरच्यासारख्या गप्पा मारत होत्या. बाजारात उतरताना किशोरीताईंनी तो पट्टा सोडवला आणि उद्या सगळा गट आणते म्हणाल्या. इराला आनंदानं भरून आलं. गाव जिंकलं होतं.

परतीला ती एकटीच होती. तिनं पट्टा लावला.

गाडी हलेना.

"मागचा एक पट्टा राहिलाय," तिचाच शांत, धीर देणारा आवाज म्हणाला. "लावा, मगच निघू."

इरानं मागे पाहिलं नाही.

मागे खट्‌ असा आवाज झाला.

"धन्यवाद, आजोबा. निघू या."