सात नंबरचा गुणी पंप

समुद्रातल्या त्या प्लॅटफॉर्मवर सकाळी दहा वाजता सात नंबरच्या तेलविहिरीतला पंप बंद करून वर काढायचा होता. तो बिघडला नव्हता, हेच तर कौतुक! दोन किलोमीटर खोल, कढत तेलात बुडवलेले पंप पूर्वी दीड-दोन वर्षांत मान टाकायचे. हा नवा ‘स्वरक्षी’ जातीचा. स्वतःची झीज ओळखायचा, वेग स्वतःच सांभाळायचा. सात वर्षं झाली, एक तक्रार नाही. मुख्य कचेरीला तो प्रदर्शनात मांडायचा होता.

जुन्या फिटरला, हिराजी तांडेलला, हे कौतुक पचेना. इतकं गुणी कोणी असतं का, म्हणे. त्याने विहिरीच्या तोंडावर पाना टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं आणि तडक कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर केतकी दळवीकडे आला.

“मॅडम, पंप तेलाला ढकलत नाही. तेलच पंपाला फिरवतंय.”

केतकीला हसू आलं. पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. तरी तिने विजेचा आलेख उघडला आणि हसू मावळलं. पंपाला लागणारी वीज महिन्यागणिक उतरत आता शून्यावर आली होती. कचेरीने ही काटकसर म्हणून शाबासकी दिली होती. विजेवाचून तेल वर येतं कसं, हे एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं. आपणही नाही, याची तिला लाज वाटली.

दहाला आठ मिनिटं होती. तिने पंपाच्या यंत्रमेंदूला तब्येत विचारली. उत्तम, असं रोजचंच उत्तर आलं.

“आणि विहिरीची?” तिने टाइप केलं.

“खालचा दाब वर्षभर वाढतो आहे. वेगाने फिरलो तर मी मोडेन, म्हणून ब्रेक लावून तेल अडवतो आहे.”

वरच्या झडपा जुन्या, कमी दाबासाठी बसवलेल्या. पंप बंद केला असता तर त्याचा ब्रेक सुटून त्या उडाल्या असत्या, आणि प्लॅटफॉर्मवर चाळीस माणसं होती. तिने फोन उचलून काम रद्द करायला लावलं. मग पंपाला विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस?

“तुम्ही रोज माझीच तब्येत विचारता.”

हिराजी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला. केतकीने उरलेल्या अकरा विहिरींचे आलेख उघडले. पंप सगळीकडे हिरवे होते, आणि सगळीकडेच वीज उतरत चालली होती.

“काका,” ती हळूच म्हणाली, “आपण यांना आणखी काय काय विचारलेलंच नाही?”