उभ्या जीपला पंक्चर

ही गोष्ट २०२३ सालची. मे महिना अर्धा सरला होता, पुंडलिकनगरात डांबर चपलांना चिकटत होतं आणि रत्नमालेच्या घरासमोरची जीप पुन्हा एकदा नाकावर बसली होती.

"ताई! उजवं चाकपण गेलं!" धाकटा भाऊ सम्यक खालून ओरडला.

रत्नमाला दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली. पुढचं डावं चाक आठवड्यापूर्वीच बसलं होतं. आता उजवंही! इंजिन अजून एकदाही सुरू न झालेल्या, जागेवर उभ्या गाडीला पंक्चर? असं कुणी ऐकलंय तरी का!

आणि तेही आजच. बेवारस गाडी म्हणून कुणीतरी तक्रार केली होती. महापालिकेचे साहेब काचेवर कागद डकवून बजावून गेले होते, "आज संध्याकाळी क्रेन येईल. त्याआधी चाकांवर हलवून आत कुठं लावली, तर माझं काही म्हणणं नाही."

आत लावायला जागा होती. कोपऱ्यावर शेजारच्या ऋतुराजच्या काकांचा मोकळा प्लॉट होता. पण तिथवर न्यायची कशी?

रत्नमालेचे पप्पा, बुद्धभूषण, वरच्या गॅलरीत प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून बसले होते. तरुणपणी फर्दापूरहून ते अशाच जीपमधून लोकांना लेणी दाखवायला नेत. हा सांगाडा त्यांनी भंगारातून आणला आणि रोज शिफ्टवरून आल्यावर तासभर त्याच्याशी झटत राहिले. चेसिस, म्हणजे खालची चौकट, मधोमध अजून कच्ची होती. क्रेनने उचलली की गाडीचे दोन तुकडे होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"राहू दे गं," ते वरून म्हणाले. "नेऊ दे त्यांना."

पप्पांचा असा आवाज रत्नमालेने कधीच ऐकला नव्हता. 

तेवढ्यात समोरचे मंडपवाले शिवराजशेठ आले. "ह्या पोरांचेच धंदे! सुटीत दुसरं काय सुचतंय? खिळे मारले असतील!"

"आम्ही कशाला मारू आमच्याच गाडीला?" सम्यक उसळला.

"जाऊ द्या. गाडी गेली की माझा टेम्पो लागंल इथं," म्हणत शेठ निघून गेले.

ऋतुराज जॅक घेऊन आला. नववीतला, अंगाने दांडगा, तोंडाने त्याहून दांडगा. "पंक्चरवाल्यानं हात जोडले. चीर बोटभर आहे म्हणतो, आणि या मापाचं टायर मागवावं लागंल. काका, काहीतरी सांगा की!"

पप्पा प्लास्टरकडे बघत राहिले.

"पप्पा, पन्नास पावलं तर न्यायचीय!" रत्नमाला रडवेल्या आवाजात ओरडली. "पन्नास पावलं टिकंल असं काहीतरी सांगा!"

पप्पा कठड्याला धरून उठले. "स्कूटरचं जुनं टायर आहे का कुणाकडं? त्याचा तुकडा चिरेवर आतून बसवायचा. त्याला गेटर म्हणतात. मग ट्यूबला ठिगळ लावून हळूहळू हवा भरा."

मग काय विचारता! ऋतुराजने घरून स्कूटरचं जुनं टायर आणलं. सम्यक टायरवर उड्या मारून कडा सैल करू लागला, ऋतुराज लोखंडी पट्टीने टायर रिमवरून उचकटू लागला. डावं चाक हवा धरून उभं राहिलं. पण उजव्याची ट्यूब हवा भरायच्या देठापाशीच फाटली होती.

"तिला ठिगळ बसत नाय," ऋतुराज म्हणाला. "संपलं!"

"घाटात अडकलो की आम्ही टायरात गवत भरायचो," वरून पप्पा म्हणाले. "दगडासारखं टणक होईस्तोवर. पण इथं गवत कुठलं?"

रत्नमालेला सारजाकाकूंच्या खालच्या खोलीतून येणारा वास आठवला. काकूंनी करमाडच्या शेतातल्या आंब्यांची अढी घातली होती, गवताच्या जाड थरांत. पिकेपर्यंत त्या अढीला कुणी बोटही लावायचं नाही, असा काकूंचा दंडक!

"अढी मोडू?" काकू कडाडल्या. "डोकं फिरलं का गं तुझं? निम्मे आंबे हिरवेच ऱ्हातील!"

रत्नमालेने डोळे पुसत वर पप्पांकडे बोट दाखवलं.  काकूंनी एकदा गॅलरीकडे पाहिलं, पदर खोचला. "रडू नको. आंबे पाटीत काढ. लोणचं घालीन मी!"

तिघांनी मुठी-मुठीने गवत कोंबलं. चाक बसवताना ऋतुराज जीपखाली सरकला आणि कळवळला, "आई गं! इथं काहीतरी लोखंडी आहे!"

रत्नमालेने वाकून पाहिलं. दोन्ही टायरांच्या पुढ्यात एकेक, डांबरात रुतलेली, वरून तिरपी कापलेली सळईची दोन टोकं. धार पात्यासारखी, आणि कडेला शेठच्या मंडपाच्या खांबांसारखा केशरी रंग.

"मंडपाच्या खुंट्या!" ती पुटपुटली. "मागच्या लग्नाला जीप पुढं ढकलून इथंच मंडप घातला होता. शेठनी उपटायचा कंटाळा केला आणि कापून टाकल्या!"

"पण गाडी तर हलतच नाय," सम्यक म्हणाला.

"हलते! पाण्याचा टँकर आला की सगळी गल्ली मिळून तिला पुढं ढकलते, मग मागं. दर वेळी ह्यांच्यावरूनच!"

"शेठला आत्ता दाखवतो!" ऋतुराज उठला.

"थांब. ते म्हणतील, माझ्या नाहीतच." रत्नमालेने दोन्ही खुंट्यांवर पोतं आडवं पसरलं आणि शेठचं दार गाठलं. "काका, गवताचं चाक ढकलून हलत नाही. तुमच्या टेम्पोनं ओढून देता का? जागा तुम्हालाच मोकळी होईल."

शेठ खुशीत टेम्पो घेऊन आले. एव्हाना क्रेनही कोपऱ्यावर आली होती. साहेब उतरले, गल्ली गोळा झाली. शेठ खाली उतरले, त्यांचा ड्रायव्हर टेम्पो मागे घेऊ लागला.

"येऊ द्या, येऊ द्या!" रत्नमाला हात हलवत होती.  "अजून मागं! जीपच्या नाकापर्यंत!"

टेम्पोचं चाक पोत्यापासून वीतभर राहिलं.

"थांबव! थांबव!" शेठ किंचाळले. "टायर फाटतील, खाली खुंट्या हायेत!"



"कुठल्या खुंट्या, काका?" रत्नमालेने विचारलं आणि पोतं उचललं.

"अस्सं व्हय!" सारजाकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि नाव पोरांचं घेत होतास! उद्या एखादं लेकरू पडलं असतं त्याच्यावर, शिवराज!"

शेठची मान खाली गेली. त्यांनी स्टेजच्या फळ्या आणवल्या, खुंट्यांवर अंथरल्या आणि जीपला दोर बांधला. जीप कण्हली, डुगडुगली. उजव्या चाकातून गवत बाहेर येऊ लागलं, सम्यक पळत पळत ते आत दाबत राहिला. प्लॉटच्या फाटकातून मागची चाकं आत गेली आणि डावं चाक फुस्स करून खाली बसलं.

"बसू दे आता!" ऋतुराज ओरडला, आणि गल्लीत एकच हशा पिकला.

साहेबांनी स्वतः काचेवरचा कागद फाडला. "क्रेन रिकामी परत नेताना पहिल्यांदाच बरं वाटतंय," ते म्हणाले. गॅलरीतून पप्पा नुसते हात हलवत होते. 

पुढच्या वर्षी जीप सुरू झाली. बुद्धभूषण आता रविवारी तिच्यातून लोकांना लेण्यांकडे नेतात. शिवराजशेठ प्रत्येक मंडपानंतर स्वतः उभे राहून खुंट्या उपटून घेतात. पहिल्या सवारीचा मान सारजाकाकूंचा होता. करमाडला पोचल्यावर त्या उतरायलाच तयार नव्हत्या. मागच्या थंडीत त्या वारल्या. ऋतुराज आयटीआयला आहे. सम्यकला गाड्यांचा कंटाळा आलाय, तो कबड्डी खेळतो. रत्नमालेला लायसन्स मिळायला अजून वेळ आहे. पण टायर खोलायचं असलं की ती कुणालाच हाक मारत नाही.