दोरीपलीकडचा तंबूवाला

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तळ्यात होता. दोरीच्या पलीकडे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि हातात कुणा लहान मुलीची वाऱ्याने उडालेली टोपी. तिने शिट्टी वाजवली. त्याने वळून पाहिलं, हसला, आणि चक्क आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

तिला ओळखणाऱ्या कुणाचीही अशी हिंमत झाली नसती. तळ्याकाठच्या त्या उद्यानात जीवरक्षकाची उंच खुर्ची तिची होती, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाल गोळ्यांच्या दोरीच्या बाबतीत ती सख्ख्या आत्याचंही ऐकत नसे. दोरीपलीकडे तळ एकदम खोल जायचा. म्हणून जो दोरी ओलांडेल त्याने खुर्चीशेजारच्या बाकावर येऊन बसायचं, सगळ्यांच्या देखत, आणि ती ‘जा’ म्हणेपर्यंत उठायचं नाही, ही तिची पद्धत. भले भले मिशीवाले तिथे भिजल्या मांजरासारखे बसून गेले होते. पोरं तिला शिट्टीताई म्हणायची आणि हळूहळू सगळेच म्हणायला लागले होते.

तो टोपी परत देऊन मुकाट्याने बाकावर बसला. मागच्या मैदानावर पर्यटकांचे तंबू लावायला तो त्याच दिवशी रुजू झाला होता.

“पाणी गुडघ्याएवढं होतं,” तो म्हणाला.

“पुढच्या पावलाला डोक्यावरून गेलं असतं. पोहता येतं?”

“नाही.”

“मग कुणाच्या जिवावर गेलात?”

“तुमच्या. तुम्ही बघत होतात ना…”

तिने घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली. दिसलं काहीच नाही, कारण झाकणं काढायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कुणाच्या तरी चेंडूसाठी दोरी ओलांडली. तिसऱ्या दिवशी चपलेसाठी. चौथ्या दिवशी तर कारणही नव्हतं. दोरी जिथे काठावरच्या खुंटाला बांधली होती तिथे पाणी जेमतेम घोट्याएवढं. तिथून एक पाय पलीकडे टाकायचा आणि शिट्टीची वाट बघत उभं राहायचं, हा त्याचा रोजचा उद्योग झाला. ती पाण्याकडे बघत बोलायची, कारण तिला दुसरीकडे बघायची मुभा नव्हती. तो तिच्याकडे बघत बोलायचा, कारण त्याला होती. कुणी तंबू उलटा लावला, कोणते नवराबायको खुंट्यांवरून भांडून वेगवेगळ्या तंबूंत झोपले, सगळं त्याच्याकडून कळायचं. ती हसू दाबायची आणि शिट्टी दातांत धरून ठेवायची.

“तुम्ही मुद्दाम करता,” एकदा ती म्हणाली.

“हो.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते ना. पण बाकावरून उठावंसं वाटत नाही…”

“मग आज जास्त वेळ बसा.”

“चालेल. चहा मागवू?”

चहा समोरच्याच कँटीनमध्ये व्हायचा, आणि कँटीन आत्याचं होतं. आईबापामागे तिला आत्यानेच वाढवलं. आत्याचा जीव तिच्यावर होता आणि डोळा बाकावर. तंबूवाल्याला साखर कमी घालून चहा द्यायचा एवढाच राग तिने बरेच दिवस काढला. मग एके दिवशी आत्याने तिला सांगून टाकलं: स्थळ आलंय. उद्यानाच्या साहेबांचा भाचा. घर चांगलं, माणसं चांगली, फक्त एकच अट. लग्नानंतर पाण्यातली नोकरी बंद. सुनेने ओल्या कपड्यांत चारचौघांत वावरलेलं त्यांना चालणार नाही. रविवारी मंडळी येणार, तेव्हा रजा टाक आणि नीट कपडे करून कँटीनमध्ये बस.

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?”

“मला विचारायचंस, आत्या.”

आत्या कपबशा विसळत राहिली. शनिवारी शिट्टीताईने ही सगळी हकीकत बाकावरच्या माणसाला ऐकवली आणि त्याला काय वाटतं ते विचारलं. तो वाळूत पायाने रेघा ओढत बसला.

“मला वाटून काय उपयोग…” तो शेवटी म्हणाला.

तिला अंगाची आग झाल्यासारखं वाटलं. रोज दोरी ओलांडणाऱ्या या माणसाला एक वाक्य ओलांडता येऊ नये?

“उठा,” ती म्हणाली. “उद्यापासून दोरीजवळ दिसू नका.”

रविवारी तळ्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ती नेहमीच्या लाल शर्टात खुर्चीवर बसली. साहेब, त्यांची बहीण आणि भाचा आले. भाचा पोहणारा होता, खोटं कशाला बोला. त्याने सूर मारला, दोरीखालून गेला आणि मध्यावर जाऊन हात हलवला. काठावरची पोरं डोळे विस्फारून बघत होती; त्यातली दोन दोरीकडे सरकलीसुद्धा. तिने शिट्टी वाजवली, पोरांना मागे घेतलं, मग भोंगा उचलला आणि भाच्याला परत बोलावलं. तो सावकाश आला, हसत.

“बाकावर बसा,” ती म्हणाली.

त्याने मामाकडे पाहिलं. मामा म्हणाले, “अगं, तो आपलाच आहे.”

“दोरी सगळ्यांना एकच आहे, साहेब.”

“ही तर लग्नाआधीच नवऱ्यावर शिट्टी वाजवतेय,” साहेबांच्या बहिणीने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. दोघंतिघं हसले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तिला खाली उतरायला सांगितलं. आज सुट्टी, उद्याचं उद्या बघू. उद्या काय बघणार ते काठावरच्या सगळ्यांना कळलं.

ती खुर्चीवरून हलली नाही.

“पाण्यात पोरं आहेत. पाणी रिकामं होईपर्यंत मी उतरणार नाही. काढायचं तर नोकरीवरून काढा, खुर्चीवरून नाही.”

साहेब पुढे सरकले. तेवढ्यात गर्दीतून तंबूवाला आला आणि खुर्चीच्या शिडीला पाठ लावून उभा राहिला. चेहरा पांढरा पडलेला, पण पाय रोवलेले.

“यांना उतरवलंत तर मी सगळ्यांना पाण्याबाहेर काढीन, साहेब. आणि का काढलं तेही भोंग्यावरून सांगीन. मलाही काढा मग.”

साहेबांनी पाण्यातल्या पोरांकडे पाहिलं, काठावरच्या आयांकडे पाहिलं. एका आईने तर टॉवेल खांद्यावर टाकून कंबर कसली होती. साहेब कँटीनकडे वळले, मंडळी गाडीकडे.

संध्याकाळी शेवटचं पोर बाहेर आल्यावर ती खाली उतरली. आत्या कमरेवर हात ठेवून वाटच बघत होती.

“गेली मंडळी. झालं समाधान?”

“झालं.”

“आता तुझ्याशी लग्न कोण करणार?”

“हा,” ती म्हणाली.

शिडीशी उभा असलेला तंबूवाला दचकला.

“त्याने विचारलंय तुला?”

“त्याला ते जमत नाही. मीच विचारते.” ती त्याच्याकडे वळली. “करशील?”

“माझी एक अट आहे…”

हाही त्यातलाच निघाला की काय.

“मला पोहायला शिकवायचं.”

“ते लग्न केलं नाहीस तरी शिकवीन. इथे सगळ्यांनाच शिकवते.”

“मग अट नाही.”

“एकही?”

“एकही नाही. तू मला आवडतेस, खुर्चीसकट. हे कालच म्हणायला हवं होतं.”

कँटीनच्या पायरीवर साहेब चहाचा कप धरून उभे होते. चहा केव्हाच गार झाला असावा. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, “उद्या सकाळी मी खुर्चीवर असेन, साहेब. काय करायचं ते तिथे येऊन करा.” मग तिने सगळ्या काठासमोर तंबूवाल्याचा हात हातात घेतला. त्याचा तळवा घामाने ओला होता, आणि तिला तो फार आवडला.

“अगं, सोड हात,” आत्या कुजबुजली. “लोक बघतायत.”

“बघू देत,” ती म्हणाली.